बुलढाण्याहून न आलेली तार

लेकीचं प्रेत न्यायला आईबाप दारात उभे राहिले, तेव्हा लेक अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

पावलांचा आवाज ऐकून कलाबाईनं मान वर केली. भर उन्हात वडील उभे होते आणि त्यांच्या खांद्याला धरून आई. न कळवता कधी बुलढाण्याला न येणारी ही माणसं. तिनं पदराला हात पुसले.

"कले," आई म्हणाली.

सोजराबाई तेवढंच बोलली. तिनं फाटकाचा खांब धरला आणि हळूहळू खाली बसली. लेक धावत आली, पण तिचा हात लागेपर्यंत आई गेलेली होती.

वडिलांच्या, उकंडरावांच्या, मुठीत घामानं भिजलेला तारेचा कागद होता. कलाबाईचा नवरा रामराव भाजीबाजारातून धावत आला आणि त्यानं तो उलगडून वाचला.

'कला दवाखान्यात अत्यवस्थ. ताबडतोब एकटे या. रामराव.'

"मामा," रामराव सासऱ्याला म्हणाला, "ही तार म्या नाही केली."

उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं की नाही, कोणालाच कळलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. उकंडराव देऊळगाव राजाजवळच्या गारखेडचे. हिंमतराव नावाच्या जमीनदाराचं रान ते आपल्या बापाच्या काळापासून कसत होते. कुळकायद्यानं ते रान त्यांच्या नावावर व्हायचं होतं. त्यासाठी सुनावणीच्या दिवशी गावच्या चावडीत साहेबांपुढं उभं राहायचं आणि 'जमीन मले पाहिजे' असं तोंडानं सांगायचं, एवढंच काम होतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी तार आली. उकंडराव निघाले तशी सोजराबाईही निघाली. तिचं काळीज अधू होतं आणि डॉक्टरनं तिला प्रवास बंद केला होता. तिनं ऐकलं नाही. रस्त्यात बस बिघडली, रात्र चिखलीच्या स्टँडवर गेली. सकाळी दवाखान्यात दोघांनी खाट न् खाट पाहिली. लेक कुठंच दिसेना. शेवटी एक शिपाई वैतागून म्हणाला, "जे गेले त्याइले घरी नेलं, बाप्पा." म्हणून ते लेकीच्या घरी आले.

त्याच सकाळी चावडीत उकंडरावांच्या नावाचा पुकारा झाला. कोणी पुढं आलं नाही. दोन साक्षीदारांनी सांगितलं की त्यानं जमीन राजीखुशीनं सोडली आहे, म्हणून तो गाव सोडून गेला. जमीन हिंमतरावांकडे राहिली.

रामरावानं तक्रार केली. सोजराबाईचं तेरावं झाल्यावर तारखात्याचे निरीक्षक नारायणराव अकोल्याहून चौकशीला आले.

नारायणराव पन्नाशीचे, किडकिडीत, कमी बोलणारे. नव्या तारमास्तरांचे वर्ग तेच घेत. लाईन कशी तपासावी, बिघाड कसा शोधावा, याच्या बारीकसारीक युक्त्या ते शिकवायचे. त्यातली पहिली प्रत्येकाला पाठ असे: तार बिघडली की लगेच खांबावर चढू नका, आधी विचारा, कोणाला ऐकू आलं आणि कोणाला नाही.

ते आधी रामरावाच्या घरी गेले. उकंडराव ओट्यावर बसले होते. लेकीनं त्यांना आपल्याकडंच ठेवून घेतलं होतं.

"तुमच्या नावानं तार करायचा कोणाला फायदा?" नारायणरावांनी रामरावाला विचारलं.

"हिंमतरावाले. दुसरं कोण?"

"बायको आजारी होती का?"

"आमच्या अन्नपूर्णेले साधा ताप बी नव्हता."

"अन्नपूर्णा?"

"लग्नात ठेवलेलं नाव, साहेब. ह्या घरी तिले तेच म्हणतात. कला तिचं माहेरचं."

उकंडराव पहिल्यांदाच बोलले. "दवाखान्यात म्या बी तेच नाव सांगतलं. अन्नपूर्णा रामराव. शोधून शोधून थकले ते लोक."

"तुम्हाला मुलं किती?"

"ही कला. अन् शालिग्राम. तो भिवखेडले तारमास्तर हाय. अजून कायम नाही झाला, पण होईन."

नारायणरावांनी तारेचा कागद मागून घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि खिशात ठेवला.

बुलढाण्याच्या तार ऑफिसात काही सापडलं नाही. तशी तार तिथं कोणी दिलीच नव्हती. त्यांनी ती पाठवली नव्हती आणि पाठवताही आली नसती, कारण त्या दुपारी त्यांची लाईनच काही वेळ बंद होती.

बुलढाणा, चिखली, भिवखेड आणि देऊळगाव राजा, ही चारही ऑफिसं याच क्रमानं एकाच तारेवर होती. एकानं यंत्राची कळ दाबली की बाकीच्या तिन्ही ठिकाणी टकटक व्हायची. प्रत्येक ऑफिसला खुणेची दोन अक्षरं होती. कोण बोलतंय ते त्या अक्षरांवरून समजायचं. ती अक्षरं मात्र कोणीही वाजवू शकत होतं.

चिखलीचे तारमास्तर म्हातारे आणि काटेकोर होते.

"त्या दुपारी तुम्हाला बुलढाण्याची तार जाताना ऐकू आली?"

"नाही. यंत्र गप्प पडलं होतं."

"पूर्ण?"

"देऊळगावकडून काहीच नाही. मी भिवखेडला हाका मारल्या, जबाब नाही. वाऱ्यानं तार तुटली असं वाटलं. लाईनमनला बोलावून शिडी घ्यायला लावली, तो सायकलला शिडी बांधतोय तोवर लाईन आपोआप सुरू झाली. तरी त्याला पाठवलाच. कुठं काही तुटलेलं नव्हतं."

लाईनमनचं नाव तुळशीराम. चावडीत उकंडरावांविरुद्ध बोललेल्या दोघांपैकी एक त्याचा सख्खा भाऊ होता. ही गोष्ट मास्तरांनी हळू आवाजात सांगितली.

नारायणरावांनी तुळशीरामला बाहेर लिंबाच्या सावलीत बसवलं.

"तुझ्याजवळ तपासणीचं छोटं यंत्र असतं ना? खांबावर चढून तारेला लावायचं?"

"असते साहेब."

"ते लावून कोणालाही खोटी तार देता येईल."

"देता येईन. ज्याले टकटक येते त्याले." तुळशीरामनं हात जोडले. "मले अक्षरं वाचता येत नाही, साहेब. लाईन चालू हाय का बंद, एवढंच मले समजते. भावानं काय साक्ष देल्ली ते त्याले इचारा. म्या त्याच्या घरचं पाणी सोडलं त्या दिवसापासून."

"त्या दुपारी तू कुठं होतास?"

"इथंच. मास्तरच्या डोळ्यापुढं शिडी बांधत होतो."

भिवखेडचं ऑफिस म्हणजे एक खोली. शालिग्राम टेबलाशी बसला होता. आईला अग्नी देताना काढलेले केस आता खुंटासारखे उगवले होते. नारायणरावांना पाहून तो उठला आणि वाकून पाया पडला. दोन वर्षांपूर्वी तो त्यांच्याच वर्गात होता.

नारायणरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग नारायणरावांनी भिंतीवरच्या, लाईन जोडायच्या पाटीकडं पाहिलं. पाटीवर पितळी पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामधल्या भोकात बसवलेली एक पितळी खुंटी.

"विचारावं लागेल, शालिग्राम."

"इचारा साहेब."

"त्या दुपारी तू इथंच होतास?"

"होतो."

"टकटक ऐकली?"

"नाही. लाईन मेलेली होती. चिखलीवाल्याले इचारा."

"विचारलं. देऊळगावकडची बाजूही बंद होती?"

"दोन्ही बाजू थंड. दुपारभर."

"मग तारेचं तुला कधी कळलं?"

"रातच्याले. गावातला माणूस सायकलनं आला. तोवर मले काहीच माहीत नव्हतं. तार बी नाही, अन् माय निघाली ते बी नाही."

"आई निघाली नसती तर बरं झालं असतं."

शालिग्रामनं मान खाली घातली. "तिनं निघायलेच नाही पाहिजे होतं," तो म्हणाला.

देऊळगाव राजाचा तारमास्तर निवृत्ती घाबरून गेला होता. तार त्यानंच घेतली होती, कागदावर अक्षर त्याचंच होतं. गावात लोक उघड म्हणत होते की तार वगैरे काही आली नाही, ह्यानंच घरी बसून लिहिली.

"आली होती साहेब. खिडकीशी पोस्टाचे मास्तर उभे होते, त्याइनं यंत्र वाजताना ऐकलं."

"बुलढाण्याची खूण वाजली?"

"हाव. बरोब्बर."

"हात ओळखीचा वाटला?"

"नाही. बुलढाण्याचा माणूस झरझर देते. हा अडखळत होता, डाव्या हातानं जेवल्यासारखा. म्या समजलो, नवीन कोणी असन."

"एक शब्द चुकला, असं तर नाही? 'एकटे' हा शब्द होताच?"

"होता. तो त्यानं दोनदा देल्ला. एका शब्दाचे पैसे जास्त लागतात, तरी घातला, म्हणून माह्या ध्यानात राह्यला."

नारायणराव उठले. निवृत्ती मात्र बसूनच राहिला. बोटानं टेबलाची कड घासत होता.

"एक सांगाचं राह्यलं साहेब. नियमात बसत नाही."

"सांग."

"तार लिहून झाल्यावर म्या भिवखेडले हाक मारली. शालिग्राम माह्या वर्गातला. त्याच्या बहिणीची गोष्ट. त्याले कळाले पाहिजे म्हणून वाजवून सांगतलं. खाजगी बोलणं तारेवर करू नये, मले माहीत हाय."

"त्यानं उत्तर दिलं?"

"'समजलं.' एवढंच. म्या इचारलं, तू जाते का? मंग काहीच नाही."

नारायणरावांनी पाणी मागितलं. पाणी आलं, पण ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

त्या संध्याकाळी ते गारखेडला हिंमतरावांकडे गेले. हिंमतरावांनी खुर्ची दिली, चहा दिला.

"उकंड्याच्या घरी लई वाईट झालं," ते म्हणाले. "पण साहेब, मले तुमची टकटक समजत नाही. माह्या घरात यंत्र नाही."

"तुमचे साक्षीदार मात्र तयार होते."

"चावडीत सारा गाव होता. ज्याले जे दिसलं ते त्यानं सांगतलं." हिंमतराव हसले. "ह्या लोकाइचं म्या भलंच केलं. त्या शालिग्रामले नोकरीत कोणं चिकटवलं? शाळेच्या कमिटीवर मी. दाखला म्या काढून देल्ला. इचारा त्याले."

"विचारतो," नारायणराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उकंडराव, कलाबाई आणि रामराव यांना गारखेडच्या घरी बोलावून घेतलं. निवृत्ती आला. शालिग्राम सगळ्यांच्या शेवटी आला आणि दाराशीच बसला. चुलीच्या बाजूला सोजराबाईचं लुगडं अजून दोरीवर होतं. ते कोणी काढलं नव्हतं.

नारायणराव घोंगडीवर बसले. बोलताना त्यांनी कोणाकडंच पाहिलं नाही.

"तार बुलढाण्याहून आली नाही. तरी ती तारेवरूनच आली. निवृत्तीनं ती ऐकली, पोस्टमास्तरांनी यंत्र वाजताना ऐकलं. चिखलीला मात्र काही ऐकू आलं नाही. एकाच तारेवरचं बोलणं देऊळगावला ऐकू येतं आणि चिखलीला येत नाही, याचा अर्थ एकच. तेवढ्या वेळापुरती तार मध्ये तोडलेली होती, आणि पाठवणारा देऊळगावच्या बाजूला होता."

"तुळशीराम," रामराव म्हणाला.

"मलाही वाटलं. पण लाईन बंद होती तेव्हा तो चिखलीच्या मास्तरांपुढं शिडी बांधत होता. आणि त्याला टकटक येत नाही. खांबावर तार तोडून पुन्हा जोडल्याची खूणही नव्हती. काही न तोडता लाईनचे दोन भाग करता येतात अशी जागा चिखली आणि देऊळगावच्या मध्ये एकच आहे. तिथं भिंतीवर पाटी आहे. खुंटी मधल्या भोकातून काढून कडेच्या भोकात घातली की चिखली आणि बुलढाणा सुटतात. देऊळगाव तेवढं जोडलेलं राहतं. काम झालं की खुंटी पुन्हा जागेवर."

कलाबाईनं हळूच भावाकडं पाहिलं.

"तार करणाऱ्याला उकंडराव गावात नको होते. ते एकटे आले काय, दोघं आले काय, हिंमतरावांना काय फरक पडत होता? तरी तारेत 'एकटे' हा शब्द आहे, तोही दोनदा दिलेला. सोजराबाईंना प्रवास झेपणार नाही हे ज्याला माहीत होतं, आणि ज्याला त्यांची काळजी होती, त्यानं तो घातला."

उकंडरावांनी मान वर केली.

"रामरावांच्या घरी यांना कला म्हणत नाहीत. तार खरी असती तर तिच्यात अन्नपूर्णा आलं असतं. घाईत माणूस बहिणीला ज्या नावानं हाक मारतो तेच नाव देतो. शालिग्राम, तू मला म्हणालास की दोन्ही बाजू बंद होत्या आणि रात्रीपर्यंत तुला काहीच माहीत नव्हतं. निवृत्तीनं तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू 'समजलं' म्हणालास."

निवृत्तीनं तोंड फिरवलं.

शालिग्राम दाराशीच सरसावून बसला. मग म्हणाला, "खुंटीचं तुम्हीच शिकवलं होतं साहेब. अर्धी लाईन वेगळी करून बिघाड शोधायचा."

"हो. मीच शिकवलं."

"मी मॅट्रिक नापास हाय. दाखल्यावर पास लिहेल हाय. हिंमतरावानं लिहून घेतलं होतं, मले वाटलं उपकार करून राह्यला. सुनावणी लागली तसा तो भिवखेडले आला. म्हणे, तुह्या बापाले दोन दिवस बाहेर काढ, नाही तर दाखल्याचं वर कळवतो. नोकरी जाईन अन् जेलात जाशीन." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "निवृत्तीनं माहा हात ओळखू नये म्हणून डाव्या हातानं तार देल्ली. म्या इचार केला, जमीन जाईन, पण पगारावर दोघाइले पोसतो मी. बा एकटा जाईन, कला धड दिसन, वापस येईन. मायले म्या सोडून देल्लं होतं त्यातून. म्या 'एकटे' लिहेलं होतं."

"तार वाचून दाखवली तेव्हा ती चप्पल घालायले बी थांबली नाही," उकंडराव म्हणाले. त्यांनी हे कोणाला सांगितलं ते कळलं नाही.

कलाबाई उठली आणि आत गेली.

नारायणरावांनी शालिग्रामला पुढचा मार्ग सांगितला. त्यानं सगळं लिहून दिलं तर त्याला शिक्षा होईल. पण त्या लेखी जबाबावर उकंडरावांना जमिनीसाठी पुन्हा दाद मागता येईल. दुसरा पुरावा नव्हता. तारेवरचा आवाज उमटतो आणि संपतो, मागे काही राहत नाही.

"देतो लिहून," शालिग्राम म्हणाला.

"नको देऊ," उकंडराव म्हणाले. "बायको गेली, आता पोरगा बी देऊ का जमिनीले?"

शालिग्रामनं ऐकलं नाही. त्यानं लिहून दिलं.

पुढं जे झालं ते नारायणरावांनाही थांबवता आलं नाही. हिंमतरावांनी सांगितलं की भिवखेडला आपण कधी गेलोच नाही. दाखला शाळेनं दिला, आपण कमिटीवर आहोत म्हणून प्रत्येक कागद आपला होत नाही. जमिनीची दाद ऐकणारे साहेब सभ्य होते. त्यांनी जबाब शेवटपर्यंत वाचला.

"हा अर्जदाराचा मुलगा ना?" त्यांनी विचारलं.

"हो," नारायणराव म्हणाले.

"बापाची जमीन परत मिळावी म्हणून मुलगा असं लिहून देणार नाही का?"

"तो यासाठी तुरुंगात जातो आहे, साहेब."

"खोट्या तारेसाठी जातो आहे. ती त्यानं केली, हे मला मान्य आहे. हिंमतरावांनी करवली, याला त्याच्या शब्दाखेरीज काय आहे?"

नारायणरावांनी सगळं पुन्हा एकदा समजावलं: खुंटी, चिखलीची बंद लाईन, 'एकटे' हा शब्द. साहेबांनी ऐकून घेतलं. सगळं शालिग्रामपाशीच येऊन थांबत होतं. त्याच्या पलीकडं एक पाऊलही जात नव्हतं.

अर्ज फेटाळला गेला. शालिग्रामला शिक्षा झाली. नोकरी तर आधीच गेली होती. हिंमतरावांनी त्या पावसाळ्यात उकंडरावांच्या रानात स्वतःची ज्वारी पेरली.

कलाबाई भावाला भेटायला कधी गेली नाही. तुरुंग तिच्या घरापासून लांब नव्हता. भाकरी मात्र तीच करायची, फडक्यात बांधायची आणि वडिलांपुढं ठेवायची. कोणासाठी ते बोलायची नाही.

एकदा नारायणराव कामासाठी बुलढाण्यात होते, म्हणून तेही उकंडरावांबरोबर तुरुंगात भेटीला गेले. दारावरच्या शिपायानं विचारलं.

"कैदी तुमचा कोण?"

"पोरगा."

"काय केलं त्यानं?"

उकंडरावांनी भाकरीचं फडकं तपासायला पुढं केलं. शिपायानंही परत विचारलं नाही, आत सोडलं.

शालिग्राम गजांमागं येऊन उभा राहिला. वाळला होता. त्यानं नारायणरावांकडं पाहिलं, मग बापाकडं.

"बा," तो म्हणाला, "तू मले कधीच काही म्हणत नाही. एकदा तरी शिव्या दे."

उकंडरावांनी फडकं सोडलं. भाकरीवरचं पिठलं एका बाजूला सरकलं होतं, ते त्यांनी बोटानं सारखं केलं आणि भाकरी दुमडून गजांमधून आत दिली.

"जेव," ते म्हणाले.